चार बोटं सोडून

स्वेटर आधी कोणासाठी विणायचा याचा आमच्या घरात एक क्रम ठरलेला होता. तो कोणी ठरवला होता ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिला बाबांचा, मग काकांचा, मग आम्हा भावंडांचे थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत, आणि नात्यात कुठे बाळंतपण निघालंच तर टोपडं-मोजे. एवढं होईस्तोवर संक्रांत उलटून जायची आणि मागोमाग नागपूरची थंडीही पाठ फिरवायची. उरलेल्या लोकरीचे रंगीबेरंगी तुकडे जोडून स्वतःसाठी काहीतरी करीन, असं आई दरवर्षी म्हणायची, आणि ते तुकडे ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पुढच्या वर्षाची वाट पाहत पडायचे. सकाळी दूध घ्यायला ती बाबांचा जुना कोट साडीवर चढवून फाटकाशी उभी राहायची. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत असे आठ-दहा कोट तरी साड्यांवर दिसायचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या घरात आमची यमुनाकाकू लग्न होऊन आली. काटोलकडच्या एका खेड्यातली, कापूस आणि संत्र्यांच्या घरची, चौथी पास. मेंढ्या तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या, लोकरीचा गुंडा मात्र आमच्याकडे पहिल्यांदा पाहिला. पहिल्या हिवाळ्यात ती आईच्या शेजारी बसून नुसती बघत राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात तिनं काकांचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला, आणि तो इतका साफ उतरला की आईनं तो उलटून-पालटून पाहिला आणि काही न बोलता घडी करून ठेवला. आमच्या आईची ही सगळ्यात मोठी शाबासकी. तिसऱ्या वर्षी दसरा झाल्याबरोबर काकू बाजारातून कच्च्या संत्र्याच्या सालीच्या रंगाची हिरवी लोकर घेऊन आली.

"भाऊजींना आता पूर्ण बाह्यांचा का?" आईनं विचारलं.

"नाही जी जाऊबाई. मायासाठी."

"स्वतःसाठी?" आईच्या हातातली सुई थांबली.

"थंडी मलेच वाजून राहिली नं जी? मंग मायाच अंगाचं माप घ्या लागन. देशकरबाईच्या अंगाचं घेऊन काय करू?"

देशकरबाई म्हणजे आमच्या शेजारीण, आणि त्या वेळी त्या आमच्याच ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या होत्या. त्यांनी तो शेरा मनात ठेवला. त्या कोणतीच गोष्ट मनातून काढून टाकायच्या नाहीत.

काकूचं विणणं हा आम्हा पोरांना तमाशाच होता. आई मासिकातून नक्षी घ्यायची. काकूला ती बारीक अक्षरं नि आकडे वाचायचा कंटाळा. ती नक्षी माणसांच्या पाठीवरून उचलायची. हिवाळ्यात रांग दिसली की काकू खूश. एकदा राशनच्या दुकानात पुढच्या गृहस्थाच्या पाठीवरचे टाके मोजता मोजता रांग सरकली तरी हिचं लक्ष नाही. तो माणूस पुढे निघाला तर ही म्हणते, "भाऊ, जरासे उभे राहा नं, एकच ओळ राहिली." तो बिचारा उभा राहिला. घरी आली की साखर-गहू कोपऱ्यात ठेवून आधी सूप घ्यायची आणि त्यात ती नक्षी मांडायची. तुरीची डाळ म्हणजे सुलट टाका, हिरवा मूग म्हणजे उलट. ओळीखाली ओळ, डोळे अर्धे मिटून आठवत आठवत. त्या सुपाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. एकदाच आईनं ते निवडायला ठेवलंय असं समजून खिचडीत टाकलं. अख्खी नक्षी आम्ही त्या दिवशी कढीसोबत जेवलो. काकू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा राशनच्या दुकानासमोर तासभर उभी राहून आली, पण तो माणूस काही पुन्हा भेटला नाही.

दुपारचं काय सांगू! गिरणीचा भोंगा झाला की पुरुषमंडळी घरात नाहीत, भांडी घासून पालथी झालेली, आणि ओट्यावर पिवळं ऊन पसरलेलं. आईनं सांभारवड्या तळल्या असतील तर त्याचा वास माजघरातून ओट्यापर्यंत यायचा. पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात तिला आम्ही सांभारच म्हणतो, आणि माझ्या तिकडच्या सुनेला ते अजून पटत नाही. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं मध्ये, त्याभोवती संत्र्यांच्या सालींचा ढीग, आणि बायकांच्या सुयांचा तो बारीक टकटक आवाज. प्रत्येकीचा वेगळा. आईच्या सुया भरभर चालायच्या आणि मध्येच थबकायच्या, कारण बोलताना तिला हात वापरायची सवय. काकूच्या सुया संथ, एकसारख्या. डोळे मिटूनही मी ओळखायची. विणणाऱ्या बायका याला 'हात' म्हणतात. अमकीचा हात सैल, तमकीचा घट्ट. एकाच लोकरीनं, एकाच नंबरच्या सुयांनी दोघींनी विणलं तरी कापड वेगळं होतं. काकूच्या हाताचं कापड असं एकजीव की बोट फिरवलं तर कुठे अडखळत नसे.

आणि ते विणकाम ती कोणाला शिवू देत नसे. बाकी काकू म्हणजे वाटून टाकणारी बाई. माहेरून संत्र्यांचं पोतं आलं तर अर्धं गल्लीत जायचं, नवी साडी पहिल्यांदा नेसायला मागितली तर देऊन टाकायची. फक्त त्या हिरव्या लोकरीच्या पिशवीजवळ कोणी गेलं की तिचा आवाज चढायचा, "ठेव वं ते! ठेव म्हणलं नं!" मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, शाळेत विणकामाच्या तासाला मोजे शिकलेले होते, आणि मला तिच्यासारखं विणायचं होतं. खरं सांगायचं तर मला तिच्यासारखंच व्हायचं होतं. हे मी कोणाला बोलले नव्हते.

त्याच वर्षी आमच्या भागातल्या महिला मंडळानं प्रदर्शनात एक नवा विभाग काढला. मंडळाच्या अध्यक्षीणबाई डॉक्टरांच्या बायको होत्या, स्पष्ट बोलायच्या. दरवर्षी तुम्ही नवऱ्यांचे आणि पोरांचे स्वेटर घेऊन येता, म्हणाल्या, यंदा 'स्वतःसाठी स्वतः विणलेलं' घेऊन या आणि घालून दाखवा. साऱ्या मंडळातून पाच नावं आली. त्यातलं एक काकूचं.

काका हसले. "इनाम घेणार का आता?"

"इनाम गेलं उडत," काकू म्हणाली. "चिठ्ठी पायजे मले."

प्रदर्शनात प्रत्येक वस्तूवर टाचणीनं एक चिठ्ठी लावत. त्यावर विभागाचं नाव आणि करणारीचं नाव. काकूला ती हवी होती. माहेरच्या वावरात तिनं भावांच्या बरोबरीनं कापूस वेचला होता, आमच्याकडे घराला हातभार लावला होता, पण हे यमुनेनं केलं असं कुठे लिहून राहत नाही. एकदा तरी आपल्या कामावर आपलं नाव आणि ते चार लोकांनी वाचावं, एवढीच तिची हौस. देशकरबाईंनी मात्र आमच्या पाठीमागे म्हटलं, "खेड्यातल्या बाईला इतकं बारीक येतं होय? सिंध्याच्या दुकानातून करवून आणत असेल." ते फिरत फिरत आमच्या घरी आलं. काकूनं त्यांच्याशी अबोला धरला, आणि ओट्याच्या अगदी काठावर, रस्त्यावरून दिसेल असं बसून विणू लागली.

पाठ निम्मी झाली, मुंढे सुरू व्हायचे होते, आणि काकू तापानं पडली. हिवताप. दोन गोधड्या आणि वरून घोंगडी घातली तरी दात वाजायचे. तापात ती सारखी म्हणायची, "सुया द्या मले, राहून जाईन ते." आई कपाळावर पट्ट्या ठेवायची आणि सुया काही द्यायची नाही. प्रदर्शनाला सोळा-सतरा दिवस उरले होते. पुढचे पल्ले आणि एक बाही झालेली, पाठ अर्धवट. दुपारी आईचा डोळा लागला की मी काकूजवळ बसायची. पायथ्याशी ती पिशवी. तिसऱ्या दिवशी मी ती उघडली.

लोकांना मी नंतर सांगितलं की काकूला मदत करायची होती. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मला त्या सुया हातात घ्यायच्या होत्या. पाच दुपारी मी विणत होते, श्वाससुद्धा जपून घेत. चार बोटं कापड झालं. मला वाटलं, काय फरक आहे? काहीच नाही! पंधराव्या वर्षी माणसाला स्वतःचं काम फार सुंदर दिसतं.

आठवड्यानं काकू उठून बसली, पिशवी ओढली, पाठ हातात धरून बघत राहिली. मी कबूल करायला तोंड उघडणार, तोच ती आईला म्हणाली, "पायलं का जी जाऊबाई? तापात बी हात चालला माया! मले काही आठवत नाही, पण चार बोटं झालं हो. जरा वाकडं गेलं, पण चालला!" तिचा सुकलेला चेहरा इतका उजळला होता की मी तोंड मिटलं. मग ती येईल-जाईल त्याला हेच सांगू लागली. दूधवाल्याला, भाजीवालीला, अगदी अबोला सोडून देशकरबाईंनासुद्धा: यमुनेचा हात तापातही थांबत नाही. रोज सांगायची आणि रोज माझं कबूल करणं एकेक दिवस लांब जायचं. उसवून पुन्हा करायला वेळ नव्हता. तिनं त्याच्यावरच मुंढे काढले, गळा केला, दुसरी बाही केली, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी स्वेटर शिवून तयार झाला.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. काकूनं स्वेटर घातला आणि ती चालत आली तेव्हा आई नकळत उठून उभी राहिली. ती हिरवी लोकर, खांद्यावर नेमका बसलेला मुंढा, पुढे राशनच्या रांगेतल्या कोण्या दुसऱ्याच अनोळखी माणसाच्या पाठीवरून आलेली नक्षी. अंगासाठी बेतलेलं कापड अंगावर कसं दिसतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझा नातू विमानतळाजवळच्या मिहानमध्ये नोकरीला आहे, त्याला कंपनीनं जाडजूड जॅकेट दिलंय. चांगलं आहे. पण ते दोनशे जणांना सारखंच येतं.

परीक्षक म्हणून शहरातल्या सदर भागातून एक वयस्कर पंजाबी बाई आल्या होत्या, मल्होत्राबाई. त्या डोळ्यांपेक्षा बोटांनी बघायच्या. काकूच्या पुढच्या पल्ल्यावरून हात फिरवून त्या "वाह" म्हणाल्या. मग पाठीवर आल्या. बोटं खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली आणि मध्ये थांबली.

"बहनजी, यहाँ हाथ बदला है."

"तापात विणलं जी," काकू हसून म्हणाली. "बुखार था."

"बुखार में हाथ ढीला पड़ता है. ये तो कसकर बुना है. और सुई भी टाँके के पीछे से डाली है, देखिए, हर टाँका मुड़ा हुआ. ये दूसरे का हाथ है."

देशकरबाई कोणाच्या तरी कानाशी लागल्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "मी म्हटलंच होतं."

मल्होत्राबाईंनी आपल्या झोळीतून सुया आणि पांढऱ्या लोकरीचा गुंडा काढला आणि काकूसमोर धरला. काकू खुर्चीत बसली, वीस टाके घातले आणि विणू लागली. भोवती पन्नास बायका. तिच्या सुयांचा तोच संथ आवाज, एकही टाका लवकर नाही की उशिरा नाही. दोन बोटं कापड झाल्यावर मल्होत्राबाईंनी ते स्वेटरवर ठेवून टाके मोजले, खाली मोजले, वर मोजले. "बाकी पूरा आपका है," त्या म्हणाल्या. "एक एक टाँका. लेकिन ये चार उंगल किसका है?"

काकूनं मान वर केली. "मले नाही माहीत," ती म्हणाली. आणि मग तिनं आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, नुसते पाहत राहिली. तिला खरंच वाटत होतं की तिचे हातच तिला फसवून गेले. मला बायकांची कुजबुज सोसली असती, देशकरबाईही सोसल्या असत्या. ते हात पाहणं सोसवलं नाही.

"काकू, ते मी केलं," मी म्हणाले. "तू तापात होती. पाच दिवस. मीच विणलं."

"तू?" काकू माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे तापात मायं काहीच नाही झालं?"

मी मान हलवली. ती एकदम थकल्यासारखी दिसली. आठ-नऊ दिवस जगाला सांगत फिरलेली एक बढाई माझ्या एका वाक्यानं मातीत गेली होती.

अध्यक्षीणबाई चांगल्या होत्या. पोरीनं मायेनं केलं, चार बोटांचं काय एवढं, म्हणाल्या. मल्होत्राबाईंनी तर सांगून टाकलं की पहिला नंबर त्यांनी मनात हाच धरला होता, आणि इकडे कोणाची हरकत नसेल तर अजूनही हाच. सगळ्या काकूकडे पाहू लागल्या.

"चिठ्ठीवर काय लिहिलं आहे जी?" काकूनं विचारलं. "'स्वतः' लिहिलं आहे नं? मंग खोटं कसं ठेवू? मायं नाव आहे त्याच्यावर." तिनं स्वेटर काढून टेबलावर ठेवला, अध्यक्षीणबाईंच्या हातातली पेन्सिल घेतली, आणि त्या चिठ्ठीवर आपल्या नावाखाली चौथी पास अक्षरात सावकाश लिहिलं: चार बोटं सोडून.

इनाम एका लाल स्वेटरला मिळालं. तो कोणाच्या आता लक्षातही नसेल. तीन दिवस गर्दी मात्र काकूच्या टेबलाशी होती. बायका ती चिठ्ठी वाचायच्या, स्वेटर उलटा करून ती चार बोटं शोधायच्या, आणि ज्यांना विणकाम येत नव्हतं त्यांना ती सापडायची नाहीत. मोठेपणा हा शब्द मी त्यानंतर भाषणांमध्ये फार ऐकला. मला प्रत्येक वेळी ती पेन्सिल आठवते.

घरी ती माझ्यावर रागावली नाही, हेच मला जास्त लागत होतं. प्रदर्शन उठल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला ओट्यावर बोलावलं, समोर बसवलं आणि पाठीची शिवण उसवू लागली. मग गळ्यापासून धागा ओढला. सरसर टाके सुटत होते आणि ती गुंडा करत होती. मी गुडघे धरून बघत होते. माझ्या ओळींपाशी आल्यावर ती थांबली. "आता तुयं सुरू झालं," म्हणाली. तिथं लोकर तोडली आणि नवा, वेगळा गुंडा गुंडाळायला घेतला.

मला रडू फुटलं. "काकू, राहू दे नं तेवढं. कोणाले दिसते?"

"रडू नको वं पोरी. राग होता मले, गेला." तिचे हात चालूच होते. "पण आयक. साऱ्या घरात ही एकच चीज आहे, जी म्या मायासाठी केली. त्याच्यात दुसऱ्याचा हात नाही पायजे. तुया बी नाही. मायेचा बी नाही."

माझी चार बोटं गुंडाळून लिंबाएवढा गुंडा झाला. तो तिनं माझ्या ओंजळीत ठेवला.

"हे तुयं. उद्या बाजारात जाऊन अजून लोकर आणू. तुयासाठी तू विण. अन् मी मांगितलं तरी मले हात लावू देजो नको."

संक्रांतीपर्यंत तिची पाठ पुन्हा विणून झाली, साफ, एकजीव. माझं मात्र चालूच होतं. नव्या लोकरीचा रंग थोडा वेगळाच निघाला, टाके कधी वाढायचे, कधी गळायचे. काकू रोज दुपारी माझ्या शेजारी येऊन बसायची आणि बघायची. मी चुकले की तिला आधी कळायचं. तिचा श्वास बदलायचा. एकदा बाहीत असा काही घोळ झाला की मला सुचेना. "काकू, कुठं चुकलं?" मी विचारलं. "मले काय माहीत," ती समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली, "तुयं तू पाय." मी दोन ओळी उसवल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा चुकले. रडकुंडीला येऊन मी तिच्याकडे वळले. ती ओठ घट्ट मिटून बसली होती. दोन्ही हात तिनं पदराखाली दाबून धरले होते, आणि पदराखाली तिची बोटं माझा चुकलेला टाका पुन्हा पुन्हा बरोबर घालत होती.